नाव बदलून सांगा

मला त्या हॉलच्या वासाचीसुद्धा शिसारी आलीय. नवा गालिचा, एसी आणि त्यात मिसळलेला क्रीमच्या बिस्किटांचा वास. कार्यशाळा केव्हाच होऊन गेली, बिल्ले परत गेले, फुकट मिळालेल्या फाईलीत मी आता घरची विजेची बिलं ठेवते. पण त्या हॉलवरून जायची वेळ आली की मी मागच्या जिन्याने वळसा घालून जाते. लोक म्हणतात, काकू वजन उतरवतायत. म्हणू देत.

मी कॉलेजच्या विद्यार्थी कक्षात खिडकीवर बसते. ओळखपत्र हरवलं, दाखला पाहिजे, पासवर शिक्का पाहिजे, की पोरं माझ्या खिडकीत डोकं घालतात. माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक आहे. शेजारच्या खोलीत आमची समुपदेशक बसते. बसते म्हणजे, बसायला हवी. कोणी रडवेलं पोर आलं की ती टेबलाखालून कॅनव्हासचे बूट ओढते, नाड्या आवळते आणि म्हणते, "चल, एक फेरी मारून येऊ." मग मैदानाला फेऱ्या, कधी एकच, कधी पार ऊन उतरेपर्यंत. पोरांनी तिला नाव ठेवलंय फेरीवाली. तिला ते माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

"अगं, खोली दिलीय, पंखा दिलाय, उन्हात कशाला मरतेस?" असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "समोर बसलं की पोरं माझ्या तोंडाकडे बघतात आणि मला काय आवडेल ते बोलतात. शेजारून चालताना त्यांना माझं तोंड दिसत नाही." बस्स, एवढंच. कामाबद्दल यापलीकडे तिच्या तोंडून मी कधी काही ऐकलं नाही, आणि मी काही कमी खोदून विचारणारी बाई नाही.

हे ती शिकली बापाकडून. काका, म्हणजे तिचे वडील, बस चालवायचे. आई लवकर गेली, घरी बघायला कोणी नाही, म्हणून शाळा सुटली की पोरगी डेपोत. तिथल्या बाकावर दप्तर उशाला घेऊन झोपायची, काकांची ड्युटी संपली की दोघं चालत घरी. दिवसभर गाडी हाकून माणूस मेटाकुटीला आलेला, पण चालता चालता पोरीचं सगळं ऐकून घ्यायचा. अजून दोघं बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. पुढच्या खोलीत त्यांची खाट, मागच्या खोलीत हिची खाट आणि ओटा. भट्टी भिंतीपलीकडेच, त्यामुळे थंडीत चैन आणि उन्हाळ्यात दोघंही दारात. आणि रोज संध्याकाळी काका आमच्या फाटकाजवळच्या बाकावर हजर, तोंडात पेपरमिंटची गोळी. पोरगी सुटली की दोघं चालत घरी.

फक्त आता बोलतात ते, आणि गप्प असते ती.

"आज काय झालं ऑफिसात?"

"काही नाही, बाबा."

"अगं इतकी पोरं येतात, आणि काहीच नाही?"

"आभाळ भरून आलंय, पाय उचला जरा."

मला सांगायचे बिचारे, "हिच्यापेक्षा माझी गाडी बरी होती. निदान कुरकुरायची तरी."

त्या वर्षी एक मुलगी माझ्या खिडकीत आली. दुसऱ्या वर्षाची, वसतिगृहातली, बारीक कापलेले केस, मान खाली. "कॉलेज सोडायचंय. दाखला द्या." कारण विचारलं तर मान आणखी खाली गेली. ती वाचनालयाच्या बाकावर झोपलेली सापडली होती, एकदा नाही, बरेचदा. तेवढं मलाही माहीत होतं आणि सगळ्यांनाच माहीत होतं. दाखल्याला वेळ लागतो अशी मी तिला सरळ थाप मारली आणि शेजारच्या खोलीकडे बोट दाखवलं. थोड्या वेळाने नाड्या आवळल्याचा आवाज आला.

सुरुवातीला ती पोरगी फेरीवालीच्या बरंच मागून चालायची, जशी काही तिची ओळखच नाही. मग थोडी मागून. मग शेजारून. मान मात्र कायम खाली. काका बाकावरून बघायचे आणि मला म्हणायचे, "ही पोरगी एक दिवस खांबावर आपटणार बघ." सोमवार आला की ती माझ्या खिडकीत यायची, "दाखला झाला?" आणि मी म्हणायची, "साहेबांची सही राहिलीय, पुढच्या सोमवारी ये." असं करत करत एका सोमवारी ती विचारायला आलीच नाही. त्या दिवशी फेरीवाली जाता जाता मला म्हणाली, "आता तुला खोटं बोलावं लागणार नाही, बहुतेक."

तिला नेमकं काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. ती टिकते की जाते, एवढंच काय ते आम्हा दोघींना बघायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच ती कार्यशाळा आमच्या डोक्यावर आदळली.

विद्यार्थी सेवा कर्मचाऱ्यांचा व्यावसायिक विकास! समुपदेशक, वसतिगृहाच्या रेक्टर बाई, दवाखान्यातली सिस्टर, वाचनालयाचे बुवा, खेळाचे सर, मी, शिवाय आजूबाजूच्या कॉलेजांतले आमच्यासारखेच पकडून आणलेले. शिकवायला बाहेरून एक गृहस्थ, कॉलरला माइक लावलेले. त्यांनी आधी आम्हाला गोल उभं केलं आणि एक मऊ चेंडू फेकायला लावला. ज्याच्या हातात चेंडू येईल त्याने सांगायचं, आपण कोणता प्राणी आहोत. आमचे विभागप्रमुख सिंह झाले. रेक्टर बाई म्हणाल्या, हरीण. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, पाल, भिंतीवरून सगळं दिसतं. फेरीवालीने "मला सुचत नाहीये" म्हणून चेंडू पुढे दिला, तर कॉलरवाला माइकमधून म्हणाला, "काही लोक अजून कवचात आहेत."

मग ऐकायचं कसं ते शिकवलं. समोरच्याने बोललेलं वाक्य त्यालाच परत द्यायचं म्हणे. माझ्या वाट्याला वाचनालयाचे बुवा.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की तुम्हाला भूक लागलीय."

"अहो लागलीच आहे!"

"हे मोकळेपणाने सांगितल्याबद्दल आभार."

इथवर ठीक होतं. वेळ जात होता, एसीत बसायला मिळत होतं. दुसऱ्या दिवशी खरी घाण सुरू झाली.

प्रत्येकाने आपली एक खरी केस सांगायची, हे आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं. "नाव बदलून सांगा, म्हणजे गुप्तता पाळली गेली," कॉलरवाला म्हणाला. केस सांगेल त्यालाच प्रमाणपत्र, आणि ज्यांची नोकरी कराराची त्यांना प्रमाणपत्राशिवाय पुढचं वर्ष नाही, हे विभागप्रमुखांनी उभं राहून स्पष्ट केलं. कराराची आमच्यात एकच, फेरीवाली.

रेक्टर बाई सुरू झाल्या. एक मुलगी, कपाटात जेवण लपवून ठेवते, मुंग्या होतात, सापडली की थरथरते. हे सांगताना बाईंनी थरथरून दाखवलं आणि लोक हसले. सिस्टरने एका मुलीच्या हातावरच्या जखमांचं असं वर्णन केलं की मागच्या रांगेतले पुढे वाकले. नावं बदललेली होती हो, अगदी इमानदारीत. बाकी मजला तोच, विषय तोच, बोलताना अडखळायची खोड तीच. आणि चहाची सुट्टी झाली रे झाली की हातात कप घेऊन सगळे एकमेकांना विचारायला लागले, "ती कोण गं? चष्म्याची का?" "नाही नाही, ती उंच." "अय्या, ती! वाटत नाही हो बघून!" बिस्किट चहात बुडवत होते आणि कोणाच्या तरी पोरीच्या जखमेचा पत्ता शोधत होते.  मी कप तसाच खाली ठेवला आणि बाथरूममध्ये गेले.

फेरीवाली तिथे नळाखाली मनगटं धरून उभी होती.

"आता तुझा नंबर," मी म्हटलं. "काय करणार?"

"रचलीय," ती हळूच म्हणाली. "काल भाजी निवडता निवडता. कोणाचीच नाही ती केस. म्हणजे कोणाला लागायचा प्रश्नच नाही."

मला वाटलं, काय डोकं आहे बाईचं. दोघींपैकी एकीलाही पुढचं सुचलं नाही.

तिने सांगितली ती अशी. एका मुलीचा बाप दारू पिऊन आतून कडी लावतो, पोरीला घरात घेत नाही. ती डेपोच्या बाकावर झोपते, सकाळी तिथल्याच नळावर तोंड धुते आणि वर्गात जाऊन बसते. टेबलाकडे बघत, घाईघाईने, वाईट सांगितली तिने. खोटं बोलायची सवय नाही ना. पण हॉल चिडीचूप झाला. कॉलरवाल्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "वा! काय सुंदर केस आहे!" सुंदर म्हणे. मेल्याच्या जिभेला काही हाड?

आणि चहाला ते सुरू झालंच.

"बाकावर झोपते म्हणाली ना? अगं, मग ती बारीक केसांची! वाचनालयात झोपते ती!"

"रोज फिरत असते की हिच्याबरोबर. तरीच."

"ती नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

"म्हणजे कोण ते तुम्हाला माहीत आहे! सांगा ना, काकू, इथल्या इथे राहील."

रचलीय म्हणून सांगितलं असतं तर फेरीवालीची नोकरी गेली असती. मी सगळ्यांकडे असं बघितलं की आमच्या घरी मांजरसुद्धा त्या नजरेने ओट्यावरून उतरतं, पण यांना काय त्याचं.

संध्याकाळी रेक्टर बाईंच्या पोटात माया दाटून आली. त्यांनी त्या पोरीला आपल्या खोलीत बोलावलं, एक जास्तीचं पांघरूण तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बाळा, तुझ्या वडिलांचं मला सगळं कळलंय. सुट्टीत घरी जाऊ नकोस, मी परवानगी देते." दार उघडंच होतं. जेवणाच्या रांगेत पोरी तिच्याकडे बघून कुजबुजायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली तर ती समोर उभी. मान अशी खाली की मला नुसते केस दिसत होते.

"दाखला द्या. आजच."

"अगं ऐक..."

"मी मॅडमना माझ्या बाबांबद्दल एक शब्द बोलले नव्हते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "माझे बाबा असे नाहीत. त्यांनी असं का सांगितलं सगळ्यांना?"

मी तिला दुपारी यायला सांगितलं आणि शेजारच्या खोलीत पळाले. सगळं ऐकून फेरीवाली खुर्चीत बसली. त्या खुर्चीत तिला बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"मी हॉलमध्ये जाऊन सांगते, ती ही नव्हे म्हणून."

"मी सांगून बघितलं. आपण जितकं नाही म्हणू तितकं यांना हो ऐकू येतं."

"मग रचली होती असं सांगते. जाऊ दे नोकरी."

"आणि विश्वास ठेवतील? म्हणतील, पोरीला झाकायला बघतेय."

तिने टेबलाखालून बूट ओढले. मग म्हणाली, "त्यांना कोणीतरी एक हातात द्यावं लागणार. त्याशिवाय ते सोडायचे नाहीत तिला." तिने नाड्या बांधल्या आणि एकटीच मैदानाला फेरी मारून आली.

संध्याकाळी समारोपाला हॉल भरला होता. टाळ्या कमी पडू नयेत म्हणून वसतिगृहातल्या पोरींनाही आणून बसवलं होतं. ती बारीक केसांची दाराशीच उभी होती, दाखल्यासाठी माझ्या मागोमाग आली होती. फेरीवाली उठली आणि तिने माइक मागून घेतला.

"काल मी केस सांगितली. ती मुलगी या कॉलेजात शिकत नाही. ती मुलगी मी आहे. डेपोच्या बाकावर मी झोपायचे. खोटं वाटत असेल तर डेपोतल्या जुन्या लोकांना विचारा."

 मग कॉलरवाल्याने टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. "हेच! हेच मला तुमच्यातून बाहेर काढायचं होतं!" तो ओरडत होता, जसं काही त्यानेच विहीर खणून पाणी काढलं होतं. विभागप्रमुखांनी पहिलं प्रमाणपत्र तिला दिलं. फोटोत तिला मधे उभं केलं. रेक्टर बाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या, "कधी बोलली नाहीस गं!" आणि रडता रडता खिडकीच्या काचेतून फाटकाकडे बघायला लागल्या. एकेक करून सगळेच बघायला लागले. बाकावर काका बसले होते, तोंडात गोळी.

"तो? तो म्हातारा? आणि तरी ही त्याला सांभाळते?"

"म्हणूनच ती पेपरमिंट सतत. वास लपवायला."

थू तुमच्या विकासावर, असं मी मोठ्याने म्हणाले. पण टाळ्यांमध्ये कोणाला ऐकू गेलं नाही. दाराकडे वळून बघितलं तर ती पोरगी तिथे नव्हती. त्या दिवशी ती परत दाखल्याला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, सोमवारीही नाही.

काकांना कसं तोंड दाखवायचं हे मला कळेना. दोनतीन दिवस टाळून शेवटी मी बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तेच म्हणाले, "मला ठाऊक आहे सगळं. त्याच दिवशी सांगितलं तिने. मी नेहमीसारखं विचारलं, आज काय झालं? तर म्हणाली, बाबा, आज मी तुम्हाला दारुडा केलं." आणि ते इतके हसले की गोळी घशात अडकायची. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऑफिसातलं काही सांगितलं कार्टीने, आणि तेसुद्धा माझ्यावरच!"

"तुम्हाला राग नाही आला?"

"ती पोरगी थांबली का?"

"थांबली."

"मग झालं तर. मला आता कुठे निवडणुकीला उभं राहायचंय?"

पण ते एवढ्यावर थांबलं नाही. फाटकावरचा रखवालदार त्यांना रोज पेपर द्यायचा, त्याने देणं बंद केलं. सिस्टर बाकाजवळून जाताना ओढणीने नाक झाकते. बेकरीवाला, ज्याच्या भिंतीला पाठ लावून या माणसाने आयुष्य काढलं, तो पाव काउंटरवर ठेवून आत निघून जातो. रखवालदाराकडे नि बेकरीवाल्याकडे प्रमाणपत्र नाही, पण शिकले मात्र सगळे. मला माणसांचाच वीट आला. मी फेरीवालीला गाठलं आणि म्हटलं, "जगाला नको, निदान त्या पोरीला तरी खरं सांग. तुझ्या बापाला का जाळतेस?"

तिचा चेहरा इतका उतरला की मला बोलल्याचं वाईट वाटलं.

"सांगितलं तर ती पुन्हा माझ्या मागून चालेल," ती म्हणाली. "माझ्या बाबांचंही ओझं घेऊन. तिचं तिला पुरेसं आहे. बाबांनीच सांगितलंय, नको सांगूस."

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी सुटून काकांशेजारी टेकले होते. मैदानाकडून त्या दोघी येत होत्या. पोरगी शेजारून चालत होती आणि बोलत होती. हात हलवून, भराभर, मधेच थांबून, पुन्हा भराभर. फेरीवाली नुसती चालत होती. फाटकाजवळ आल्यावर पोरीला बाक दिसला. ती थांबली. तिने मान वर केली आणि सरळ काकांच्या डोळ्यांत बघितलं. मी आयुष्यात कोणाच्या तोंडावर इतकी किळस बघितली नाही. मग तिने फेरीवालीचं कोपर धरलं, तिला पलीकडच्या अंगाला घेतलं, आणि स्वतः मधे, काकांच्या बाजूला येऊन चालायला लागली. फेरीवालीने आमच्याकडे बघितलं नाही. तिला बघवलं नसेल.

काका खाली आपल्या चपलांकडे बघत बसले होते. त्या दोघी फाटकाबाहेर गेल्यावर त्यांनी मला कोपराने ढोसलं.

"बघितलंस? मान वर केली पोरीने."

 त्यांनी खिशातून गोळी काढली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि परत खिशात ठेवली.

"आज मी जरा मागूनच जातो," ते म्हणाले. "तिचं बोलणं अर्ध्यावर राहायला नको." गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि फाटकातून बाहेर पडले, त्या दोघींच्या बरंच मागून.